ओल, क्षार आणि सोन्याचा खोटा पुकारा

मराठवाड्यात पडक्या गढीची गोष्ट गुप्तधनाशिवाय पुरी होत नाही. पूर्वी धन दाखवायला पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधत. आता त्याच्या हातचं काम मेटल डिटेक्टरकडे गेलं आहे. जालना जिल्ह्यातलं हसनाबाद ज्या तालुक्यात येतं ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या दानलेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख आहे. असा इतिहास असला की यंत्राचा मोह वाढतोच. पण यंत्र वाजलं म्हणजे धन सापडलं, हा समज या मातीत फार महागात पडतो. पावसाळ्यात तर जास्तच.

सोन्याचं खनिज इथे शोधण्यात अर्थ नाही. पायाखाली बेसॉल्ट आहे. महाराष्ट्रात सोन्याचे अंश मिळतात ते नागपूर-भंडाऱ्याकडच्या कितीतरी जुन्या खडकांत. इथे सोनं मिळालंच तर माणसाने पुरलेलं. बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज मिसळलेलं असतं, आणि तिची चिकणमाती पाणी धरून ठेवते. यंत्राला त्रास देणाऱ्या दोन गोष्टी अशा एकाच ढेकळात नांदतात.

यंत्राच्या चकतीत तारेची वेटोळी असतात. एक वेटोळं बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं, त्याने धातूत भोवरी प्रवाह फिरतात आणि दुसरं वेटोळं त्यांची चाहूल घेतं. ग्रॅहॅम बेलने 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी याच तत्त्वाने शोधू पाहिली होती. मॅग्नेटाइटचं उत्तर तत्काळ येतं, म्हणून ते ओळखून दाबता येतं. जाणकार माणूस चकती जमिनीलगत दोन-चारदा खालीवर करतो आणि आवाज सपाट होईपर्यंत यंत्र जुळवतो.

ओल्या क्षारांचं तसं नाही. सोन्याची विद्युतवाहकता समुद्राच्या पाण्याच्या 80-90 लाख पट. तरीही सोन्याचा कण मुगाएवढा आणि खारी ओल चकतीखाली पसरलेली सगळीच्या सगळी. तिच्यातही दुबळे प्रवाह फिरतात. त्यांचं उत्तर मॅग्नेटाइटच्या उत्तरापासून दूर, नेमकं बारीक सोन्याच्या उत्तराशेजारी पडतं. मॅग्नेटाइट दाबावं तर क्षार बोलतो. क्षार दाबावा तर चकती जराशी उचलली तरी मॅग्नेटाइट ओरडतं. चोपण रान, नुकतंच खत टाकून भिजवलेला वाफा, तापीच्या पूर्णेकाठचा (जालन्याच्या पूर्णेचा नव्हे) खारपाणपट्टा, सगळीकडे हीच अडचण.

ऑस्ट्रेलियातल्या सोनं शोधणाऱ्यांनी खाऱ्या तळ्यांकाठी हा त्रास पुरेपूर भोगला. फिशर कंपनीचं गोल्ड बग-2 हे यंत्र 71 किलोहर्ट्झवर चालतं आणि बारीक कण छान पकडतं. पण वारंवारता चढली की क्षारही चढतो. ॲडलेडच्या मिनलॅब कंपनीने अनेक वारंवारता एकाच वेळी वापरल्या. वारंवारता बदलली तरी मॅग्नेटाइटचं उत्तर जवळपास तेच राहतं, क्षाराचं मात्र बदलतं. उत्तरांची योग्य वजाबाकी केली की दोन्ही गळतात. स्पंद-पद्धतीच्या यंत्रांत झटका देऊन काही मायक्रोसेकंद थांबतात, कारण क्षारातले प्रवाह फार लवकर विझतात. लहान चकतीही उपयोगी, कारण ती जमीनच कमी पाहते. पण वजाबाकी करा नाहीतर थांबा, क्षाराबरोबर सर्वांत बारीक सोनंही जातं. त्यातून सुटका नाही.

हसनाबादकडे याचा अर्थ काय, ते मला महत्त्वाचं वाटतं. नाण्यात किंवा पितळी हंड्यात प्रवाह बराच वेळ टिकतात, म्हणून क्षार दाबूनही पुतळी ऐकू येते. बारीक कड्यांची साखळी मात्र गळते, कारण यंत्राला ती एकेका कडीएवढीच दिसते. तेव्हा ओल्या रानात पावलोपावली वाजणारं यंत्र जुळवलेलंच नाही, असं खुशाल समजावं. आणि एकट्या नाण्याचा आवाज साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंतच मिळतो; दहा फुटांखालचं नाणं दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

पांढरीवर तर दुप्पट सावध राहावं लागतं. जुन्या वस्तीच्या त्या टेकाडात राख, हाडं, शेण यांचे क्षार मुरलेले असतात, आणि भाजलेली माती, चुलीचे थर, विटांचे तुकडे स्वतःच चुंबकीय होऊन बसतात. शिवाय सोन्याची आशाही थोडीच: इथे राज्य केलेल्या सातवाहनांनी नाणी पाडली ती शिसं, पोटीन, तांबं आणि चांदीची. भोकरदनला 1973 च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं. भोकरदनची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी नातं सांगणारी हस्तिदंती स्त्रीप्रतिमा, तीही खंडित. हस्तिदंतावर कुठलाही डिटेक्टर वाजत नाही; कुदळ मात्र त्याचे तुकडे करते, आणि थर एकदा उचकटला की वस्तू कोणत्या काळातली हे सांगणारा पुरावाच जातो.

कायदाही स्पष्ट आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतचं, गुप्तधनाच्या लोभातून झालेलं 1972 ते 1974 मधलं हत्याकांड आठवणाऱ्यांना तो का लागला, हे सांगावं लागत नाही. शेत नांगरताना काही लागलं तर तास तिथेच थांबवावं, वस्तू न धुता, न घासता जागेवर ठेवावी आणि तहसील कार्यालयात वर्दी द्यावी.