जुनी पोलो जीटी: ऐकीव गोष्टी आणि खरा खर्च

पुण्या-हैदराबादेत आठ-दहा वर्षं पळालेल्या गाड्यांना नांदेड-लातुरात गिऱ्हाईक कायम असतं. त्यात पोरांचा डोळा असतो हॉट हॅचवर, म्हणजे साध्या हॅचबॅकच्या अंगात तगडं इंजिन बसवलेल्या गाडीवर. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच आल्या, आणि त्यातल्या दोन तर पुणे जिल्ह्यातच बनल्या. चाकणची पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली, 1.2 लिटर टर्बो पेट्रोल, 105 पीएस. रांजणगावची अबार्थ पुंटो 2015 ची, 145 पीएस. मारुतीची बलेनो आरएस 2017 ची. तिन्ही आता बंद आहेत आणि आठ-दहा लाखांची गाडी निम्म्याहून कमी पैशांत पदरात पडते. गल्लत इथंच होते. गाडीचा भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही. गाडी तीन लाखांची झाली तरी तिचा टर्बो आणि गिअरबॉक्स दहा लाखांच्या गाडीचाच राहतो. टपरीवर या गाड्यांबद्दल जे ठोकून दिलं जातं, त्यात हा हिशेब सहसा नसतो.

“ऑटोमॅटिक आहे, क्लच जायचा प्रश्नच नाही.”

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी आतून मॅन्युअलच्याच जातीचा आहे. त्यात एक सोडून दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी आणि दुसरा सम गिअर व रिव्हर्ससाठी. दोन्ही कोरडे, म्हणजे घर्षणाची उष्णता वाहून न्यायला तिथं ऑइल नसतं. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते एकत्र येतात. संध्याकाळी तिथं अर्धवट ब्रेकवर गाडी इंच-इंच सरकवली, की क्लच ना पुरता जुळतो ना पुरता सुटतो, नुसता घासत राहतो. वर 42 अंशांचा उन्हाळा. पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून आपणही सरकायचं नाही. चांगली जागा झाली की निघायचं आणि थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबायचा, एवढ्यानं क्लचचं आयुष्य वाढतं.

क्लचपेक्षा भीती मेकॅट्रॉनिकची, म्हणजे गिअर टाकणाऱ्या हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक पेटीची. ती बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या पुढे जातं. 2013 मध्ये फोक्सवॅगननं जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या याच जातीच्या डीएसजीतलं सिंथेटिक ऑइल काढून खनिज ऑइल घालण्यासाठी परत बोलावल्या होत्या. उष्ण-दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत विजेचे बिघाड होत होते. गाडी बघताना ती गार असताना एकदा आणि तासभर पळवून तापल्यावर पुन्हा एकदा चालवा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर, रिव्हर्स घेताना झटका, किंवा डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकणं, यातलं एकही दिसलं तर भाव पाडायच्या भानगडीत न पडता सरळ घरी या. अशा गाडीवर वरून रीमॅप करून, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, ताकद वाढवलेली असेल, तर ती वाढीव ताकद त्याच क्लचनं सोसलेली असते. मालक “फक्त सॉफ्टवेअर आहे” म्हणेल. डिझेलच्या जीटी टीडीआयला मात्र हा ताप नाही, तिचा गिअरबॉक्स साधा मॅन्युअल आहे.

“एक लाख किलोमीटर झाले की टर्बो गेलाच.”

टर्बो किलोमीटर मोजत नाही. त्याची चक्रं मिनिटाला लाखाच्या वर फिरतात आणि त्यांना आधार असतो ऑइलच्या पातळ थराचा. ते ऑइल जळकं, कमी किंवा भलत्याच ग्रेडचं असलं की पन्नास हजारांतही टर्बो बसतो. टीएसआयला फोक्सवॅगनच्या 502.00 मानकाचं ऑइल लागतं. गॅरेजच्या पिंपातलं ‘सगळ्यांना चालणारं’ चालत नाही. लांबून आल्यावर चावी फिरवण्याआधी मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवा. चावी काढल्यावरही बॉनेटखाली घूंऽऽ असा आवाज येत राहिला तर ती बॅटरी खाणारी भानगड नाही. कूलंट फिरवणारा विजेचा छोटा पंप टर्बो गार करत असतो. त्याची वायर काढू नका.

“रेडिएटरला काय, पाणीच लागतं.”

आपल्याकडं ते पाणी बोअरचं असतं, आणि मराठवाड्यातलं बोअरचं पाणी किती जड, हे गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर बघितलेल्याला सांगायला नको. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि टर्बोभोवतीच्या अरुंद वाटांत बसतो. शिवाय साध्या पाण्यात गंजरोधक नसतं, त्यामुळे ॲल्युमिनियम खात जातं. अडीनडीला बाटलीबंद पाणी घाला, पण घरी आल्यावर सिस्टिम धुऊन कंपनीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. वेगळ्या रंगाचं दुसरंच कूलंट वर ओतलं तर आत गाळ होऊ शकतो. टाकीचं झाकण उघडलं आणि गुलाबी कूलंटऐवजी गढूळ तांबूस पाणी दिसलं, तर आधीच्या मालकानं बाकीचंही काय केलं असेल याचा अंदाज येतो. आणि गाडी कूलंट ‘पीत’ नाही, कुठून तरी गळतं. बऱ्याचदा वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घरापाशी.

“खडखड आली म्हणजे शॉकअप गेले.”

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. लोहा, अहमदपूर, चाकूरच्या आतल्या रस्त्यांवर याचा मार आधी लिंक रॉड आणि लोअर आर्मच्या बुशना बसतो. हे पार्ट शॉकअपच्या मानानं किरकोळ आहेत. आधी ते तपासायला सांगा. मोठे अलॉय आणि पातळ टायर घातलेली गाडी असेल तर चारही रिम फिरवून बघा.

“15 वर्षं झाली की भंगारात.”

हे आलं दिल्ली परिसरातल्या नियमावरून, डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांच्या. महाराष्ट्रात 15 वर्षांनी गाडी तपासून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल 2022 पासून त्याची फी मोटारीला 5000 रुपये झाली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. 2013 च्या पोलोची ही वेळ 2028 मध्ये येईल. हैदराबादची गाडी स्वस्त दिसते तेव्हा मात्र तेलंगणची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर त्या भावात मिळवून बघा. पुण्याच्या गाडीला तो कर पुन्हा भरावा लागत नाही.

पेट्रोलमधल्या इथेनॉलनं टर्बो जळतो, असंही ऐकू येतं. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, टर्बोला ते मानवतंच. तोटा आहे तो मायलेजचा आणि जुन्या रबरी नळ्यांचा, म्हणून पेट्रोलच्या लाइन तपासून घ्या आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

राहिली बलेनो आरएस. “मारुती आहे, कुठंही दुरुस्त होते,” हे अर्धंच खरं. साध्या बलेनोचे बरेच पार्ट तिला बसतात, पण डायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो इंजिन नाक्यावरच्या मेकॅनिकच्या रोजच्या हातातलं नाही. एप्रिल 2023 मध्ये मारुतीनं ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातल्या दोषामुळे 7213 आरएस परत बोलावल्या. त्या ऑक्टोबर 2016 ते नोव्हेंबर 2019 दरम्यान बनलेल्या. हा पंप बिघडला तर ब्रेक पेडल जास्त जोर लावून दाबावं लागतं. रिकॉलचं काम फुकट होतं, म्हणून व्यवहार ठरण्याआधी चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते झालंय का, हे विचारून घ्या.