मत्स्यसंवर्धन : विषाणूंशी लढा आणि लसीची मर्यादा

भारत हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा मत्स्योत्पादक देश आहे. २०२२-२३ मध्ये देशाचे मत्स्योत्पादन १७५.४५ लाख टन होते आणि त्यातील मोठा वाटा समुद्रापेक्षा अंतर्देशीय जलक्षेत्राचा होता. मात्र संवर्धन तलावात हजारो मासे दाटीने वाढत असल्याने विषाणूचा शिरकाव झाल्यास अल्पावधीत संपूर्ण उत्पादन हातचे जाऊ शकते. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. त्यामुळे माशाची स्वतःची प्रतिकारशक्ती हाच मुख्य आधार उरतो. ती कशी कार्य करते, यावर रोगनियंत्रणाचा खर्च कोठे करावा हे ठरते.

जन्मजात प्रतिकारशक्ती

त्वचा, कल्ले व आतडे यांवरील श्लेष्म ही माशाची पहिली तटबंदी होय. ती ओलांडून विषाणू पेशीत शिरला की पेशीतील ग्राही प्रथिने त्याचे परकेपण ओळखतात व इंटरफेरॉन स्रवू लागते. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करते. तेथे एमएक्ससारखी प्रथिने तयार होऊन विषाणूच्या प्रती निघण्यास अडथळा येतो. हा प्रतिसाद त्वरित मिळतो. परंतु तो कोणत्याही एका विषाणूपुरता खास नसतो.

अर्जित प्रतिकारशक्ती

विशिष्ट विषाणूविरुद्धचा प्रतिसाद नंतर उभा राहतो. माशांमध्ये लसिका ग्रंथी नसतात. थायमस, प्लीहा व मूत्रपिंडाचा पुढील भाग ही त्यांची प्रमुख प्रतिकार-केंद्रे आहेत. काही टी-पेशी बाधित पेशी नष्ट करतात, तर बी-पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. रक्तात आयजीएम हे प्रतिपिंड प्रमुख असते. २००५ मध्ये ट्राउट माशात ओळखले गेलेले आयजीटी श्लेष्मपटलांवर विशेष कार्य करते.

मासे शीतरक्ती असल्याने प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात. थंड पाण्यात हा कालावधी आणखी वाढतो. गर्दी व प्राणवायूची कमतरता यांमुळे वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रतिकारशक्ती मंदावते. म्हणजेच अधिक उत्पन्नाच्या आशेने सोडलेले जादा बीज रोगाचा धोकाही वाढवते.

जिताडा आणि कोळंबी

जिताड्याला होणाऱ्या विषाणुजन्य चेतानाश रोगात मेंदू व डोळ्यांतील दृष्टिपटल यांची हानी होते. पिल्ले गोल गोल पोहतात व मोठ्या संख्येने मरतात. लहान पिल्लांत अर्जित प्रतिकारशक्ती विकसित झालेली नसते, शिवाय हा विषाणू प्रजनक माशांकडून पुढील पिढीत जाऊ शकतो. म्हणून प्रजनकांची तपासणी महत्त्वाची ठरते. चेन्नई येथील केंद्रीय खारे पाणी मत्स्यपालन संस्थेने या रोगावर लसही विकसित केली आहे.

कोळंबीची गोष्ट निराळी आहे. कोळंबी हा मासा नव्हे. तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. रक्तपेशी व आरएनए हस्तक्षेप यांसारख्या यंत्रणांवरच तिची भिस्त असते. त्यामुळे माशांप्रमाणे लसीने दीर्घकालीन संरक्षण मिळण्याची शाश्वती तिच्या बाबतीत देता येत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पांढरे ठिपके रोगाने भारतीय कोळंबी उत्पादकांचे मोठे नुकसान केले. या रोगात तीन ते दहा दिवसांत तलावातील सर्व कोळंबी मरू शकते. येथे संरक्षण शरीराबाहेरच उभारावे लागते : रोगमुक्त बीज, शुद्ध केलेले पाणी व तलावाभोवतीची जैवसुरक्षा. २००९ पासून विशिष्ट रोगजंतुमुक्त प्रजनकांपासून व्हॅनामी कोळंबीचे संवर्धन सुरू झाले, ते याच विचाराने.

धोरणाची दिशा

एका तलावातील दूषित पाणी त्याच खाडीतून शेजारच्या तलावात जाते. प्रतिबंधाचा खर्च एका शेतकऱ्याचा, तर लाभ सर्वांचा असतो. अशा वेळी केवळ वैयक्तिक निर्णयांवर विसंबल्यास प्रतिबंधावर आवश्यक तेवढा खर्च होत नाही. त्यामुळे रोगसर्वेक्षण ही सार्वजनिक जबाबदारी ठरते. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या समन्वयाने २०१३ मध्ये जलचर रोगांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली व तिच्या अंतर्गत सर्वेक्षणाचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला.

माशांसाठी लस हे उपयुक्त साधन आहे. पण पिल्लांच्या पहिल्या आठवड्यांत आणि कोळंबीच्या बाबतीत ते पुरेसे नाही. तेथे निरोगी बीज, मर्यादित घनता व रोगाची वेळेवर खबर हीच खरी गुंतवणूक ठरते.