कल्पित दैवतमंडळाची रचना

४.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण लोकदैवतांच्या कथांचे स्वरूप पाहिले. समाजात आधीपासून असलेली दैवते अभ्यासकाने कशी समजून घ्यावीत, हा तेथील प्रश्न होता. या घटकातील प्रश्न त्याच्या उलट आहे. जे जगच मुळात कल्पित आहे, त्या जगासाठी लेखकाला देव निर्माण करावयाचे असतील, तर त्याने सुरुवात कोठून करावी? हा प्रश्न अद्भुतरम्य कादंबरी लिहिणाऱ्याला पडतो. भूमिका-खेळासाठी स्वतःचे जग रचणाऱ्यालाही तो पडतो, आणि त्याच्याबाबतीत तो अधिक तीव्र असतो.

भूमिका-खेळ आपल्यापैकी काहींना अपरिचित असेल, म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात चार-सहा जण एकत्र बसतात. एक जण संचालक होऊन जगाचे वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात आणि निर्णय घेतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. कथा आधी लिहिलेली नसते, ती बोलता बोलता घडते. कादंबरीकाराचा देव पानावर गप्प राहू शकतो, परंतु संचालकाच्या देवाला ती सवलत नाही. एखादा खेळाडू पुजाऱ्याची भूमिका घेतो आणि पहिल्याच संध्याकाळी विचारतो, 'माझ्या देवाला काय चालत नाही?' या प्रश्नाला उत्तर हवे.

४.२ खातेवाटपाची चूक

नवशिक्या रचनाकाराची पद्धत बहुधा ठरलेली असते. तो एक तक्ता आखतो. युद्धाचा देव, समुद्राचा देव, प्रेमाची देवता, मृत्यूचा देव, अशी नावे खाली खाली लिहीत जातो. मंत्रिमंडळाचे खातेवाटप व्हावे तसे हे काम तासाभरात आटोपते. तक्ता नीटनेटका दिसतो, आणि त्यातून एकही कथा निघत नाही.

प्रत्यक्ष इतिहासातील दैवते अशी वागत नाहीत. मेसोपोटेमियातील इश्तार ही प्रेमाची देवता, तीच युद्धाची आणि शुक्राच्या चांदणीचीही. तिला एका खात्यात बसविता येत नाही. मार्दुक हा बॅबिलोन नगराचा देव होता. त्या नगराचे राजकीय बळ वाढले तसा तो देवांचा राजा झाला. 'एनुमा एलिश' या सृष्टिकाव्यात तो तियामतशी लढण्यापूर्वीच सर्वोच्च पदाची अट घालतो आणि विजयानंतर त्याला पन्नास नावे बहाल होतात. पुढे असीरियात याच काव्याची जी आवृत्ती तयार झाली, तिच्यात मार्दुकच्या जागी अश्शूर हा असीरियाचा देव आला. कथा तीच राहिली, नायक बदलला. सिंहासन कोणाकडे आहे हे त्या बदलावरून कळते.

आपल्याकडील उदाहरण तर आपणांस ठाऊकच आहे. खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा आणि बाणाई. म्हाळसा परंपरेने वाण्याची लेक मानली जाते, तर बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव मेंढरे राखतो. दोन सवतींचे भांडण वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत रंगते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात अशा दैवतविवाहांकडे समाजेतिहासाचा पुरावा म्हणून पाहिले आहे. निरनिराळी उपजीविका असलेले समूह जवळ येतात तेव्हा त्यांच्या दैवतांची सोयरीक जुळते. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा अभ्यास करताना पशुपालकांचा मार्ग आणि शेतकऱ्यांची वस्ती यांच्या संबंधांवर लक्ष केंद्रित केले. रचनाकाराला यातून एक साधी गोष्ट घेता येते: आधी माणसे आणि त्यांचे पोट, नंतर देव.

४.३ ग्लोरांथा : एक यशस्वी उदाहरण

हे सूत्र खेळाच्या क्षेत्रात सर्वांत समर्थपणे वापरले ते ग्रेग स्टॅफर्ड यांनी. त्यांनी १९६६ पासून 'ग्लोरांथा' नावाचे जग रचण्यास आरंभ केला. १९७५ मध्ये त्यावर आधारित पटावरचा खेळ आला आणि १९७८ मध्ये 'रूनक्वेस्ट' हा भूमिका-खेळ. या जगातील मध्यवर्ती पुराणकथा अशी: वादळाचा देव ऑरलांथ सूर्यसम्राट येल्म याला ठार करतो. जगावर अंधार पसरतो. मग ऑरलांथ सोबत्यांसह पाताळात उतरतो, येल्मशी समेट करतो आणि प्रकाश परत आणतो.

डोंगराळ मुलखातील ऑरलांथचे उपासक ही कथा सांगतात तेव्हा ती एका जुलमी राजाविरुद्धच्या बंडाची आणि केलेली चूक स्वतः निस्तरणाऱ्या वीराची असते. सूर्योपासक साम्राज्यात तीच कथा एका उद्धट बंडखोराच्या अपराधाची होते. स्टॅफर्ड 'खरे काय' ते सांगून वाद मिटवीत नाहीत. दोन्ही समाजांतील माणसे एका बाजारात भेटली की कथा आपोआप सुरू होते. माझ्या मते दैवतमंडळाची कसोटी हीच आहे. एकाच कथेच्या दोन आवृत्त्या जेथे नाहीत, तेथे देवांची केवळ यादी असते.

१९७९ च्या 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' या पुस्तकात दैवतांची माहिती पंथांच्या अंगाने दिली आहे. कोणाला प्रवेश मिळतो, कोणते व्रत पाळावे लागते, मोबदल्यात काय लाभते, असे त्याचे स्वरूप आहे. सोबत एका फिरत्या व्यापाऱ्याचे प्रवासवर्णन गुंफले आहे. त्यामुळे वाचक देवांना रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहतो. आरोग्यदेवता चालाना अ‍ॅरॉय हिच्या उपासकांनी कोणाही जीवाला इजा करावयाची नाही. तलवारींच्या खेळात असे पात्र घेणाऱ्या खेळाडूसमोर पेच आपसूकच उभा राहतो.

४.४ एक छोटी रचना

आता आपण स्वतः एक तुकडा रचून पाहू. एक नदीखोरे घ्या. खाली शेतकरी, वर कुरणांत मेंढपाळ. शेतकऱ्यांची देवी सिरणा, म्हणजे पूर येऊन गाळ सोडणारी नदी. मेंढपाळांचा देव ओखर. त्याच्या कुरणात लोखंड नेणे निषिद्ध. या एका निषेधामुळे नांगर हीच ओखरच्या दृष्टीने आगळीक ठरते.

सिरणा आणि ओखर यांचे लग्न झालेले आहे. मेंढपाळ सांगतात की कापणीनंतरची मोकळी शेते ओखरला आंदण मिळाली, म्हणून हिवाळ्यात मेंढरे तेथे उतरविणे हा त्यांचा हक्क. शेतकरी सांगतात की ओखर पाहुणा म्हणून आला होता, आणि पाहुण्याने विचारून यावे. दख्खनमध्ये शेतात मेंढ्या बसविण्याचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही सोय कळेल: शेताला खत मिळते, कळपाला चारा. दोघांनाही एकमेकांची गरज आहे. आता यंदा पूर आला नाही. शेतकऱ्यांनी दुबार पेरणी केली आणि वाट अडविली. वरून कळप निघालेला आहे. खेळाडूंपैकी एकजण सिरणेची पुजारीण आहे आणि तिची आई मेंढपाळांतली.

येथे कोठेही देव प्रकट झालेला नाही, त्याने वीज पाडलेली नाही. तरीही प्रत्येक निर्णयात तो आहे. देव खरोखर उत्तर देतो की नाही, हे संचालकाने आपल्यापुरते ठरवून ठेवावे, पण सांगण्याची घाई करू नये. नावांबाबतही एक सूचना: एका समाजाची नावे एकाच भाषेतली वाटली पाहिजेत. टॉल्कीन यांनी तर आधी भाषा रचल्या. तेवढा व्याप आपल्याला झेपणार नाही, पण दोन समाजांच्या नावांतील ध्वनी वेगळे ठेवणे कोणालाही जमते.

४.५ जिवंत दैवतांचा प्रश्न

'ओखर' कशाला, सरळ बिरोबाच घ्यावा, असे एखाद्यास वाटेल. या मोहाचा इतिहास आहे. १९७६ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'साठी देवदेवतांची जी पुस्तिका निघाली, तिच्यात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन यांच्या बरोबरीने भारतीय देवही होते. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्येही ते आले. प्रत्येक देवाला लढाईचे आकडे होते. किती घाव सोसल्यावर मृत्यू येईल याची संख्याही त्यांत होती. झ्यूसला अशी ४०० मिळाली. पहिल्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत संपादकांनी अवास्तव बलाढ्य पात्रे घेऊन खेळणाऱ्यांना टोला हाणला होता. देवांचेच आकडे पाहून अशा खेळातला फोलपणा ध्यानी येईल, अशी त्यांची आशा होती. पण आकडा दिला की तो गाठता येतो, आणि देवाला मारणे हे काही खेळाडूंचे ध्येय होऊन बसले.

झ्यूसचे मंदिर आज गावाच्या जत्रेचे ठिकाण नाही. बिरोबाचे आहे. ज्याच्यासमोर कोणी आज सकाळी नारळ वाढविला, त्याला घावांची संख्या देण्यात केवळ अनौचित्य नाही, वाङ्मयीन तोटाही आहे. खरे नाव घेताच खेळाडू आपल्या घरातल्या श्रद्धेप्रमाणे किंवा अश्रद्धेप्रमाणे वागू लागतो, आणि कल्पित जग विरून जाते. म्हणून घ्यावयाचा तो दैवतांमागील संबंधांचा आराखडा: सोयरीक, निषेध, वाटेचा हक्क. नाव आपले असावे. हा माझा पक्ष आहे. उघड संमतीने आणि जाणकारीने खरी दैवते घेणारे रचनाकारही आहेत, आणि त्यांची बाजू आपण वर्गचर्चेत मांडू शकता.

स्वयं-अध्ययनासाठी

१. आपल्या परिसरातील एका दैवताची अशी कथा मिळवा, जी दोन समाज दोन प्रकारे सांगतात. दोन्ही आवृत्त्या प्रत्येकी दहा ओळींत लिहा.

२. सिरणा-ओखर यांच्या खोऱ्यात मिठाचे व्यापारी दरवर्षी येतात, असे समजा. त्यांचा देव कोणता असेल? तो शेतकऱ्यांच्या अंगणात कोठे, कोणत्या बाजूला बसेल, आणि त्याला तेथे कोणी बसू दिले?