सौर कारंजं निवडताना: ऊन नसेल तेव्हाचा विचार

आजचा विषय दिसायला हौसेचा आहे: बागेसाठी सौरऊर्जेवर चालणारं कारंजं कसं निवडायचं? पण त्यात थोडं पदार्थविज्ञान आहे, थोडा सूर्याचा हिशोब आहे आणि शेवटी डेंग्यूही आहे. तो कसा आला, तिथूनच सुरुवात करू.

आमच्या सोसायटीच्या बागेत आम्ही पहिलं कारंजं घेतलं ते फोटो बघून. तरंगती चकती, तिच्यावरच पॅनल, मध्ये तोटी. पाण्यात सोडली की सुरू. मे महिन्यात सगळे खूश. जुलैत आभाळ भरून आलं आणि कारंजं आठ-आठ दिवस गप्प. ऑगस्टमध्ये पालिकेचे कर्मचारी तपासणीला आले, त्यांनी कुंडात बॅटरी मारली आणि आम्हाला अळ्या दाखवल्या. त्या पावसाळ्यात बागेत खेळणाऱ्या मुलांपैकी दोघांना डेंग्यू झाला. तो आमच्याच कुंडामुळे झाला असं कोणी म्हटलं नाही. पण आमच्यामुळे नाही झाला, असं आम्हालाही छातीठोकपणे सांगता येईना.

तेव्हापासून आमचा नियम एकच. कारंजं चालू असताना कसं दिसतं ते दुकानदार दाखवतोच. बंद असताना काय होईल ते आपण बघायचं.

आता आधी पाणी वर का उडतं ते पाहू. पुण्याच्या शनिवारवाड्यात हजारी कारंजं होतं. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी नळाने शहरात आणि वाड्यात यायचं. तलाव उंचावर, वाडा खाली. उंचीतल्या या फरकामुळे पाण्याला दाब मिळतो. आपल्या बागेत असा डोंगर नाही, म्हणून त्याचं काम पंप करतो. पंपाच्या खोक्यावर जो ‘हेड’ असा शब्द असतो, तो म्हणजे ही उंची.

खोक्यावर दोन आकडे ठळक असतात: जास्तीत जास्त उंची आणि ताशी जास्तीत जास्त लिटर. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पाणी अजिबात उचलायचं नसेल तेव्हा पूर्ण लिटर मिळतात; आणि पूर्ण उंची गाठली की प्रवाह शून्यावर येतो. साधारण निम्म्या उंचीला काय मिळेल ते विचारा.

एक छोटा हिशोब करू. ताशी ३०० लिटर पाणी १ मीटर उचलायला लागणारी शक्ती फक्त ०.८ वॉट. वाटतं, एवढंच? पण छोटे पंप फार अकार्यक्षम असतात. प्रत्यक्षात चार-पाच वॉट सहज लागतात. पॅनलवर लिहिलेले वॉट हे प्रयोगशाळेतल्या कडक उजेडात, पॅनल २५ अंशांना असताना मोजलेले. आपल्याकडे उन्हात पॅनल त्याहून खूप तापतं आणि तापलं की वीज कमी देतं. म्हणून इतक्या कामाला १० वॉटचं पॅनल घेतलं तर निर्धास्त. एक-दोन वॉटच्या तरंगत्या चकतीकडून वीतभर उंचीच्या खळखळाटापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये.

दुसरा प्रश्न जागेचा. आम्ही पॅनलची जागा मे महिन्यात दुपारी ठरवली आणि तिथेच फसलो. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो, कशाचीच सावली पडत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. तेव्हा सहा फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ साडेपाच फूट जाते. म्हणून जागा हिवाळ्याच्या हिशोबाने ठरवा. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण वीस अंश. आणि सावली थोडीशी म्हणून सोडू नका. पॅनलमधल्या चकत्या साखळीसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एका चकतीवर पान पडलं तरी सगळ्यांचा प्रवाह अडतो.

गंमत अशी की पॅनलला कडक ऊन हवं, पण पाण्याला ते नको. उन्हात शेवाळ माजतं आणि पाणी उडून जातं. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून १ मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे १ लिटर गेलं. एप्रिल-मे महिन्यांत देशावर हे दिवसाला आठ-दहा मिलिमीटर होतं. पाणी संपलं आणि पंप कोरडा फिरला की जळण्याची भीती असते. म्हणून पॅनल वेगळं आणि लांब वायरीचं घ्यावं: पॅनल उन्हात, कुंड झाडाच्या सावलीत. तरंगत्या कारंज्यात ही सोयच नाही. फवारा कुंडाच्या काठापर्यंतच्या अंतरापेक्षा उंच ठेवू नका, नाहीतर वाऱ्याने पाणी बाहेर जातं. बोअरचं पाणी असेल तर तोटीत क्षार साचतात. तोटी आणि पंपाचा पंखा हाताने सुटा करता येतो का, ते घेतानाच बघा.

मग बॅटरीवालं घ्यावं का? हिशोब करा. ३.७ व्होल्ट, १५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साडेपाच वॉट-तास. २ वॉटचा पंप त्यावर पावणेतीन तास चालेल. संध्याकाळी चहाच्या वेळी छान. पण रात्रभर नाही आणि पावसाळी आठवडाभर तर नाहीच, कारण तीही त्याच पॅनलवर चार्ज होते.

म्हणजे आपण परत डासांपाशी आलो. अळ्या श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतात. पाणी सतत हलत राहिलं तर त्यांना ते जमत नाही. पण सौर कारंजं रोज रात्री थांबतं आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमकं डेंग्यूच्या दिवसांत, जास्त थांबतं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. आठवड्याला एक ‘कोरडा दिवस’ पाळा असं सांगतात ते यासाठीच. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. कडा ब्रशने घासायलाच हव्यात.

यातून निवडीचा खरा निकष निघतो. कुंड एकतर इतकं लहान घ्या की दर आठवड्याला एकट्या माणसाला रिकामं करून घासता येईल: ४०-५० लिटर, तळाला बूच असलेलं. नाहीतर गप्पी मासे राहतील इतकं मोठं घ्या, पंपाच्या तोंडाला बारीक जाळी लावा, आणि ते मासे ओढ्यात-तलावात सोडू नका. अडचण मधल्या आकाराची आहे. ते उपसवत नाही आणि त्यात मासेही धड राहत नाहीत. आमचं कुंड नेमकं तसंच होतं.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मग सरळ विजेवरचं का घेऊ नये?’ जवळ सॉकेट असेल आणि रात्रंदिवस पाणी हलतं हवं असेल, तर जरूर घ्या; मात्र अर्थिंग आणि गळती-संरक्षक स्विच हवाच. सौर कारंज्याचा फायदा म्हणजे कमी व्होल्ट, त्यामुळे मुलांनी हात घातला तरी शॉकची धास्ती नाही. आणि खोदकाम नाही.

आमचं नवीन कुंड लहान आहे. दर रविवारी सकाळी मुलंच ते उपसून घासतात, पाणी झाडांना घालतात. कारंजं चालू असो वा नसो, हा कार्यक्रम चुकत नाही. खरेदीला जाताना पॅनलचे वॉट जरूर विचारा, पण आधी घरात विचारा: रविवारी घासणार कोण? उत्तर मिळालं, तरच कारंजं घ्या.

आता बाकीचे प्रश्न घेऊ.