नक्कल न काढता चित्र पोचते कसे?

मोबाइलचा कॅमेरा चालू केला, की समोरचे दृश्य तत्काळ पडद्यावर दिसू लागते. या साध्या घटनेत केवढी माहिती वाहत असते, याचा हिशेब आपण करून पाहू.

एका चित्रात आडव्या ओळीत १९२० ठिपके व अशा १०८० ओळी आहेत असे समजा. एकूण ठिपके झाले २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदण्यास ४ बाइट धरले, तर एक चित्र सुमारे ८३ लाख बाइटांचे होते. सेकंदाला अशी ३० चित्रे म्हणजे जवळजवळ २५ कोटी बाइट! कॅमेऱ्याकडून हे चित्र रेखन-प्रक्रियकाकडे जाते व तेथून पडद्याकडे. दर टप्प्याला नवी नक्कल काढायची, तर २५ कोटी बाइट वाचावे लागतील आणि तितकेच पुन्हा लिहावे लागतील. वेळ जातो, बॅटरी उतरते. चित्र मात्र होते तसेच राहते.

एकच नकाशा, अनेक वर्ग

शाळेत भारताचा मोठा नकाशा एकच असतो आणि सर्व वर्ग तोच वापरतात. स्मृतीतील चित्राचेही तसेच करता येईल. चित्र एका जागी ठेवावे आणि प्रत्येक उपकरणाने ते तेथेच वाचावे. ही साठवणीची जागा म्हणजे ‘बफर’.

परंतु सामाईक वस्तूला नियम लागतात. एक उपकरण वाचत असताना दुसऱ्याने त्यावर लिहिले, तर पडद्यावर अर्धे जुने, अर्धे नवे चित्र उमटेल. कोणी वापरत असतानाच ती जागा मोकळी करून दुसऱ्या कामाला दिली, तर सारी यंत्रणाच कोसळू शकते.

सहा पायऱ्या

संगणकातील उपकरणांचा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीला ‘कर्नल’ म्हणतात. अँड्रॉइड मोबाइलमध्ये लिनक्स कर्नल असतो. पूर्वी निरनिराळ्या उत्पादकांनी बफर वाटून घेण्याच्या आपापल्या युक्त्या योजल्या होत्या. २०१२ साली लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत ‘डीएमए-बफ’ ही सर्वांसाठी समान पद्धत आली. तिच्यासोबत सुमित सेमवाल यांनी लिहिलेली मार्गदर्शिकाही होती.

तिच्यात सहा पायऱ्या सांगितल्या होत्या. बफरचा मालक तो इतरांना देऊ करतो. त्या बफरसाठी एक क्रमांक मिळतो. चित्राऐवजी हा क्रमांकच इतरांकडे जातो. वापरणारा आपले नाव जोडतो, गरज पडताच प्रवेश मागतो, काम झाल्यावर तसे कळवतो आणि शेवटी आपले नाव काढून घेतो. बफर किती जणांच्या हाती आहे, याची मोजणी कर्नल ठेवतो. ती शून्यावर आल्याखेरीज जागा मोकळी होत नाही.

येथे एक शंका येईल. नाव जोडणे आणि प्रवेश मागणे या दोन पायऱ्या वेगळ्या कशासाठी? काही उपकरणांना स्मृतीचा सलग पट्टाच लागतो, तर काहींना विखुरलेले तुकडेही चालतात. सर्वांची नावे आधी जोडली गेली, की मालकाला प्रत्येकाच्या अडचणी कळतात आणि सर्वांना सोयीची जागा निवडता येते. हे कारण लिहून ठेवले नसते, तर पुढील एखाद्या अभियंत्याला यातली एक पायरी निरर्थक वाटली असती.

कॅमेऱ्याची आज्ञावली एका कंपनीत लिहिली जाते, पडद्याची दुसऱ्या. ते लेखक एकमेकांना भेटतीलच असे नाही. त्यांच्यातील करार म्हणजे ही लिखित माहिती. म्हणून पुढे या नियमांचा बराचसा भाग आज्ञावलीतच, त्या त्या आज्ञेशेजारी टिपणांच्या रूपाने ठेवण्यात आला. आज्ञा बदलणाऱ्याच्या नजरेस टीपही पडावी, हा त्यातला लाभ. त्या टिपणांवरूनच मार्गदर्शिकेची पाने तयार होतात.

करून पाहा : शाळेतील सामाईक नकाशा वापरण्याचे नियम सहा वाक्यांत लिहा. मग ते दुसऱ्या वर्गातील मित्राला द्या आणि तोंडी काहीही न सांगता त्याला त्यानुसार वागू द्या. तो जेथे अडेल, तेथे तुमचा एक नियम लिहायचा राहिला आहे.