नुसती डोकी मोजून सत्ता मिळत नाही

अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे आले की आपल्याकडच्या वाहिन्यांवर आणि तिकडच्या मराठी घरांतल्या जेवणावळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "लॅटिनो इतके वाढलेत, की आता राज्य त्यांचंच." 2020 मध्ये हे लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक 6 कोटी 21 लाख भरले, म्हणजे देशाच्या 18.7 टक्के. टेक्सासमध्ये 39.3 टक्के, तिथल्या गोऱ्यांपेक्षा जेमतेम अर्ध्या टक्क्याने कमी. आकडे खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष ऐकून मात्र कान किटले.

गैरसमज: लोकसंख्या वाढली की नगरपरिषदेपासून विधिमंडळापर्यंत प्रतिनिधित्व आपोआप वाढतं.

वस्तुस्थिती: वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा शहर बघा. सफरचंदाच्या बागा आणि बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींचं हे खोरं. बागांत राबणारे बहुतेक जण मेक्सिकन वंशाचे. 2010 मध्ये शहरातले 41 टक्के रहिवासी लॅटिनो होते. सात जणांच्या नगरपरिषदेत त्यांचे किती? एकही नाही. तिथली निवडणूक पद्धत सुरू झाल्यापासून 37 वर्षांत एकही लॅटिनो निवडून आला नव्हता.

आता हा 41 चा आकडा मतपेटीपर्यंत पोचताना कसा झिजतो ते पाहू. लॅटिनो समाज वयाने तरुण. अठराच्या आतली मुलं वगळली की हिस्सा एक तृतीयांशावर येतो. नागरिकत्व नसलेले वगळले की साधारण पावावर. त्यातही सगळे मतदानाला जात नाहीत. अमेरिकी जनगणना खात्याच्या आकडेवारीनुसार 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत लॅटिनो नागरिकांपैकी 53.7 टक्क्यांनी मतदान केलं, गोऱ्यांपैकी 70.9 टक्क्यांनी. ही अध्यक्ष निवडण्याच्या वर्षाची गोष्ट, जेव्हा घराघरांत प्रचार पोचतो. याकिमाची निवडणूक विषम वर्षी, जेव्हा निवडणूक आहे हेच अनेकांच्या गावी नसतं.

तरीही पाव हिस्सा म्हणजे सातांतल्या एक-दोन जागा यायला हरकत नव्हती. खरी मेख पुढे आहे. चार जागा नावाला विभागवार होत्या: पहिली फेरी विभागात, पण त्यातून निघालेल्या दोघांपैकी एकाला निवडायचं ते अख्ख्या शहराने. उरलेल्या तीन जागांवर तर सुरुवातीपासूनच सगळ्या शहराचं मतदान. म्हणजे पूर्वेकडच्या लॅटिनो वस्तीने आपला माणूस पुढे आणला, तरी त्याचं भवितव्य बाकीच्या शहराच्या हाती. चार सदस्यांच्या प्रभागात पॅनेलच्या पॅनेल कसं निघून येतं, हे पुण्यात राहिलेल्यांना समजावून सांगायला नको. इथे सबंध शहरच एक प्रभाग होता, आणि 51 टक्के ज्यांच्याकडे त्यांच्या सातही जागा.

2012 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. 2014 मध्ये संघराज्य न्यायालयाचे न्यायाधीश थॉमस राइस यांनी ही पद्धत 1965 च्या मतदान हक्क कायद्याचा भंग करते, असा निकाल दिला आणि पुढे सात स्वतंत्र प्रभाग पाडायला लावले. 2015 च्या पहिल्याच निवडणुकीत तीन लॅटिनो महिला निवडून आल्या. दोन वर्षांत लोकसंख्या अशी किती वाढणार होती? बदलल्या त्या नकाशावरच्या रेषा.

"छोट्या गावाचं काय घेऊन बसलात," म्हणणाऱ्यांसाठी लॉस एंजेलिस. एडवर्ड रॉयबल 1949 मध्ये तिथल्या नगरपरिषदेवर आले आणि 1962 मध्ये संसदेत गेले. त्यानंतरचा लॅटिनो सदस्य यायला 1985 उजाडलं. मधल्या काळात लॅटिनो वस्ती वाढतच होती. तिथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पाच जणांच्या मंडळाची कथा याहून वाईट. तिथे बसलेल्या सदस्यांच्या जागा सुरक्षित राहाव्यात म्हणून लॅटिनो वस्ती मुद्दाम तुकड्या-तुकड्यांत विभागली गेली, असं 1990 मध्ये न्यायालयानेच म्हटलं. नव्या सीमा आखल्या आणि 1991 मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. शतकाहून अधिक काळात त्या मंडळावर बसलेल्या पहिल्या लॅटिनो. तेव्हा "आपोआप" हा शब्द कृपा करून सोडून द्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"लॅटिनो म्हणजे डेमोक्रॅट पक्षाची मतपेढी." टेक्सासच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत जवळपास सगळी वस्ती लॅटिनो. 2016 मध्ये तिने हिलरी क्लिंटन यांना 79 टक्के मतं दिली, 2024 मध्ये ट्रम्प यांना सुमारे 58. आणि टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांचे वडील क्यूबाचे.

"हे सगळे परवा-परवा आलेले." बहुसंख्य लॅटिनो अमेरिकेतच जन्मले आहेत. मेक्सिकोशी झालेल्या 1848 च्या तहानंतर तर माणसं जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्या अंगावरून गेली. रोमुआल्डो पाचेको 1875 मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते.

"नागरिक नसलेल्यांना मोजतात, म्हणजे ते मतही देतात." मोजणं वेगळं, मत देणं वेगळं. 2016 च्या इव्हनवेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मतदारसंघ आखताना राज्यं एकूण लोकसंख्या धरू शकतात. राज्याच्या किंवा देशाच्या निवडणुकीत मतदान नागरिकांचंच. मेरीलंडमधल्या टाकोमा पार्कसारखी थोडी गावं फक्त स्थानिक निवडणुकीत अपवाद करतात.

"लॅटिनोबहुल मतदारसंघ म्हणजे राखीव जागा." आपल्याकडच्या राखीव जागेवर उमेदवार त्या-त्या प्रवर्गातलाच लागतो. तिकडे अशी अट नाही. कोणीही उभं राहावं, कोणीही जिंकावं.

"लॅटिनो आडनावाचा माणूस बसला की समाजाचं काम झालं." 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या तीन लॅटिनो नगरसेवकांच्या आणि एका लॅटिनो कामगार नेत्याच्या खासगी बैठकीचं ध्वनिमुद्रण फुटलं. त्यात कृष्णवर्णीयांबद्दल आणि मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या लोकांबद्दल शिसारी यावी असे शेरे होते. परिषदेच्या अध्यक्षा नुरी मार्टिनेझ यांना राजीनामा द्यावा लागला. शेऱ्यांचा गाजावाजा झाला, बैठक कशासाठी होती हे मात्र मागे पडलं. मंडळी प्रभागांच्या नव्या सीमांवर खल करत होती. सत्ता कुठे ठरते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पेन्सिल कोणाच्याही हाती असो, मतदाराने आधी नकाशा मागून घ्यावा.