तीनशेचे साडेचारशे

२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने दोन प्रोसेसर एकदमच बाजारात आणले. पेंटियम-२ चा वेग ४५० मेगाहर्ट्झ, किंमत साडेसहाशे डॉलरच्या पुढे. सेलेरॉन ३००ए चा वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत दीडशे डॉलरच्या आसपास. पहिला हौसेला मोल न मानणाऱ्यांसाठी आणि दुसरा हात राखून खर्च करणाऱ्यांसाठी, असा कंपनीचा सरळ हिशेब होता. तो लवकरच मोडला. दीडशे डॉलरचा सेलेरॉन असंख्य घरांत ४५० मेगाहर्ट्झवर निमूटपणे चालू लागला, आणि तेही कित्येकदा जादा व्होल्टेज न देता, खोक्यातून आलेल्या पंख्यावरच.

यात जादू नव्हती, गुणाकार होता. मदरबोर्डकडून येणारा मूळ ठोका आणि प्रोसेसरमधला गुणक, म्हणजे मल्टिप्लायर, यांचा गुणाकार म्हणजे प्रोसेसरचा वेग. ३००ए मध्ये ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला साडेचारने गुणले जाई. साडेचारला कंपनीने कुलूप लावले होते. ठोका मात्र मदरबोर्डच्या हाती होता. तो ६६ वरून १०० वर नेला की साडेचार गुणिले शंभर, झाले साडेचारशे. अबिट कंपनीच्या बीएच६ मदरबोर्डवर हे काम बायोसच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगच्या, मेनूतून व्हायचे. ज्यांच्याकडे तशी सोय नव्हती त्यांनी प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी२१ क्रमांकाच्या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला किंवा नेलपॉलिश फासले. ती पट्टी झाकली की बोर्डाची समजूत व्हायची, हा शंभरच्या ठोक्याचाच प्रोसेसर आहे! शिवाय ३००ए मधली १२८ किलोबाइटची कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी स्मृती, प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. पेंटियम-२ मधली कॅश ५१२ किलोबाइटची, पण निम्म्या वेगाची. त्यामुळे खेळांत तर हा धाकटा थोरल्याच्या बरोबरीला येऊन बसला.

कंपनी एवढा वेग वाया का जाऊ देते, हा प्रश्न कोणालाही पडेल. एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, कोरलेले तुकडे अगदी सारखे कधीच नसतात. कारखान्यात त्यांची चाचणी होते आणि हापूसच्या पेट्या लावाव्यात तशी प्रतवारी होते. पण बाजाराची मागणी स्वस्त मालाला असेल, तर उत्तम प्रतीचा तुकडाही स्वस्त पेटीत जातो. दुसरे कारण सावधगिरीचे. छापील वेग हा कोंदट कॅबिनेटमध्ये, साध्या पंख्याखाली, वर्षानुवर्षे चालणाऱ्या यंत्रासाठी ठरवलेला असतो. या दोन्ही कारणांनी जी शिल्लक उरते, ती स्वतःच्या जबाबदारीवर वापरणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

ही हौस सेलेरॉनच्या आधीची आहे. आयबीएमने १९८४ मध्ये आणलेल्या पीसी-एटीचा वेग सहा मेगाहर्ट्झ होता. लोकांनी बोर्डावरचा क्वार्ट्झचा स्फटिक काढून जास्त वेगाचा बसवला आणि यंत्र आठवर नेले. आयबीएमला हे रुचले नाही. पुढच्या यंत्रांच्या बायोसमध्ये वेग तपासणारा कोड आला. ठोका ठरल्यापेक्षा जलद दिसला की यंत्र सुरूच व्हायचे नाही. कंपनीने कुलूप लावायचे आणि गिऱ्हाइकाने किल्ली शोधायची, हा खेळ तेव्हापासूनचा. कंपन्यांची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. नव्वदच्या दशकात स्वस्त प्रोसेसरवरचा छापील वेग खोडून, वाढीव आकडा टाकून तो महाग विकणारे भामटे बाजारात होते. मल्टिप्लायरला कुलूप लावण्यामागे तेही एक कारण होते.

२००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन प्रोसेसरचे कुलूप चक्क शिसपेन्सिलीने उघडत असे. प्रोसेसरच्या पृष्ठभागावर एल१ नावाचे बारीक तुटक पूल होते. ग्राफाइट वीज वाहून नेतो. त्या पुलांवर पेन्सिल फिरवली की जोडणी पूर्ण होई आणि मल्टिप्लायर मोकळा होई. या कलेच्या इतिहासात एवढे स्वस्त हत्यार दुसरे नाही. मात्र त्या काळातले अ‍ॅथलॉन उष्णतेच्या बाबतीत फार हळवे होते. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू यंत्रावरचा हीटसिंक उचलून दाखवला, तेव्हा पेंटियम-४ वेग कमी करून तग धरून राहिला आणि अ‍ॅथलॉन क्षणात जळाला. आजचे सर्व प्रोसेसर तापमान हद्दीपार जाताच वेग आपोआप उतरवतात, गरज पडल्यास यंत्र बंदही करतात. नवशिक्याला आज मिळालेले सर्वांत मोठे संरक्षण हेच.

यानंतर कंपन्यांनी किल्लीच विकायला काढली. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावामागे 'के' असतो त्याचा मल्टिप्लायर मोकळा, पण सोबत झेड मालिकेचा मदरबोर्डही घ्यावा लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात. ए३२० किंवा ए५२० सारख्या साध्या चिपसेटच्या बोर्डावर मात्र त्याचा उपयोग नाही. प्रोसेसर घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर निघण्यापूर्वी ही जोडी जुळते का ते पाहावे. नाहीतर 'के' साठी जादा पैसे मोजायचे आणि बोर्ड मात्र मुका, अशी गत होते.

शिकण्यासाठी आदर्श प्रोसेसर विचाराल तर जानेवारी २०११ चा कोअर आय५-२५००के. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.७, आणि बऱ्यापैकी एअर-कूलरखाली साडेचारच्या आसपास पोहोचणारे नग भरपूर. त्याचा १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका इतर भागांच्या घड्याळांशीही बांधलेला असल्यामुळे तो चार-पाच टक्क्यांपलीकडे हलत नाही. मग हाती एकच चावी उरते, मल्टिप्लायर. ३३ चा ४० केला की चार गिगाहर्ट्झ. नवशिक्याला एवढे सुटसुटीत गणित दुसरीकडे मिळणार नाही.

काम कसे करावे? आधी काहीच बदलू नये. यंत्र जसे आहे तसे चालवून एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान आणि व्होल्टेज पाहावे, सिनेबेंच या वेगचाचणीचा गुण वहीत टिपावा. हीटसिंकची धूळ साफ करावी, थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावावी. मूळ वेगावरच तापमान नव्वदीत खेळत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही, आधी कूलर बदलावा. रॅमला जादा वेगाने चालवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो सेटिंग तात्पुरती बंद ठेवावी, म्हणजे चूक झाली तर ती रॅमची की प्रोसेसरची हा घोळ होत नाही. मग मल्टिप्लायर एकाने वाढवायचा, यंत्र सुरू करायचे, दहा-पंधरा मिनिटे जड काम देऊन ताण द्यायचा, तापमान टिपायचे आणि पुन्हा एकाने वाढवायचा. एका वेळी एकच बदल. कंटाळवाणे आहे खरे, पण ज्याला याचा कंटाळा येतो त्याच्यासाठी हा छंद नाही.

कुठेतरी यंत्र हँग होते किंवा निळा पडदा येतो. घाबरण्याचे कारण नाही; वेग न झेपल्याने प्रोसेसर चुकतो, जळत नाही. यंत्र सुरूच झाले नाही तर मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉस जम्पर वापरायचा, सगळी सेटिंग मूळपदावर येते. इथे दोन वाटा असतात: एक पायरी खाली उतरून थांबायचे, किंवा व्होल्टेज थोडे वाढवायचे. पहिल्यांदा करणाऱ्याने उतरावे. व्होल्टेज वाढवायचेच तर त्या नेमक्या प्रोसेसरसाठी सुरक्षित मानली जाणारी मर्यादा आधी शोधून वहीत लिहावी आणि ०.०१-०.०२ व्होल्टच्या पावलांनी जावे. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडून मल्टिप्लायर वाढवत नेणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट पद्धत आहे. कारण अनेक मदरबोर्ड अशा वेळी गरजेपेक्षा सढळ हाताने व्होल्टेज देतात, आणि यंत्र छान चालतेय म्हणून मालकाला पत्ताही लागत नाही.

सगळा धोका इथेच आहे. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४ गिगाहर्ट्झवर १.२० व्होल्ट लागत होते आणि ४.६ साठी १.३५ लागले. वेग वाढला १५ टक्के, उष्णता मात्र सुमारे ४५ टक्के. शिवाय जादा व्होल्टेज आणि तापमान मिळून ट्रान्झिस्टर झिजवतात. ती झीज हळूहळू होते आणि भरून येत नाही.

याचे दाखले ताजे आहेत. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले. रॅम वेगात चालवताना काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला प्रमाणाबाहेर व्होल्टेज देत होते. एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची हद्द घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अकाली अस्थिर होऊ लागले, यात ओव्हरक्लॉकिंग न केलेलेही होते. कंपनीने ऑगस्टमध्ये मायक्रोकोड बदलून १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला लगाम घातला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असे प्रोसेसर असलेल्यांनी ओव्हरक्लॉकिंगच्या आधी बायोस अद्ययावत करावा.

यंत्र चालते म्हणजे स्थिर आहे असे नव्हे. प्राइम९५ हा मुळात मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वॉल्टमन यांनी लिहिलेला प्रोग्राम. ज्या गणिताचे उत्तर आधीच माहीत आहे ते तो प्रोसेसरकडून सोडवून घेतो आणि फरक पडला की चूक दाखवतो. काही तास तो किंवा ओसीसीटी हा तसाच तपासणी प्रोग्राम चालवावा. विंडोजच्या नोंदींत 'डब्ल्यूएचईए' नावाच्या चुका दिसल्या तर एक पायरी उतरावे. हँग झालेले यंत्र निदान दिसते तरी. गुपचूप चुकीचे उत्तर देऊन फाइल बिघडवणारे यंत्र जास्त घातक.

परदेशी चाचण्यांतले आकडे आपल्याकडे तसेच लागू होत नाहीत. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २२ अंशांच्या खोलीत ७५ अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात नागपूरच्या ४२ अंशांच्या खोलीत पंचाण्णवच्या घरात जाईल. म्हणून विदर्भात जानेवारीत पास झालेली सेटिंग मेमध्ये पुन्हा तपासावी. एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, हलक्या प्रतीचा असेल तर ओव्हरक्लॉकिंगच्या आधी तोही बदलावा.

विक्रम करणाऱ्यांचे जग वेगळे. २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स-८१५० ने ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले. २०२२ च्या अखेरीस स्वीडिश ओव्हरक्लॉकर एल्मोरने इंटेलचा १३९००के नऊच्या पुढे नेला. दोन्ही वेळी द्रवरूप हेलियम वापरला होता, आणि तो उकळतो उणे २६९ अंशांना. त्या वेगावर कोणी पत्र टाइप करत नाही. आकडा नोंदवण्यापुरते यंत्र जगले की पुरे.

घरच्या वापरात मात्र १९९८ चा तो घबाड-योग पुन्हा येणे अवघड. २००८ पासून इंटेलने टर्बो बूस्ट आणले आणि राखीव वेग प्रोसेसर स्वतःच खर्च करू लागला. १४९००के कारखान्यातूनच सहा गिगाहर्ट्झपर्यंत जातो. मालकासाठी फारसे काही उरत नाही. आज नव्या यंत्रावर जास्त शहाणपणाचे काम आहे ते उलटे, व्होल्टेज उतरवण्याचे. रायझनच्या बायोसमधला कर्व्ह ऑप्टिमायझर थोडा ऋण केला की तापमान उतरते आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रोसेसर आपणहून जरा जास्त धावतो. चाचणी इथेही सोडायची नाही, कारण कमी व्होल्टेजचे यंत्र कधीकधी ताणाखाली नव्हे तर रिकामे बसलेले असताना रीस्टार्ट होते.

इंटेल आणि एएमडी दोघांच्याही अटींनुसार ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. इंटेल त्यासाठी जादा पैसे घेऊन वेगळे संरक्षण देत असे, ती योजना २०२१ मध्ये बंद झाली. तेव्हा हात बसवायचा असेल तर वॉरंटी संपलेला, 'के' चा एखादा जुना पीसी सेकंडहँड घ्या. ज्या यंत्रावर घरचा जमाखर्च आणि मुलांचा अभ्यास आहे, त्याच्या बायोसमध्ये शिरू नका.